झिदानच्या त्या दोन गोलांनी काय बदललं?

विश्वचषक जवळ आला की आमच्या वयाच्या लोकांना एक ताप चढतो. ऑफिसच्या ग्रुपवर १९९८ चे व्हिडिओ फिरू लागतात. बेर्गकांपचा अर्जेंटिनाविरुद्धचा गोल, ओवेनची धाव (तीही अर्जेंटिनाविरुद्धच, बिचारे), झिदानचे अंतिम सामन्यातले दोन हेडर. खाली ठरलेली ओळ असते : तो काळच वेगळा होता.

खेळाबद्दल माझं भांडण नाही. तो फुटबॉल खरोखरच देखणा होता. पण आपल्या मुस्लिम मित्रमंडळींत या आठवणीला आणखी एक शेपूट जोडलेलं असतं : तेव्हा फ्रान्सने एका अल्जेरियन स्थलांतरिताच्या मुलाला डोक्यावर घेतलं होतं, आता मात्र जग बिघडलं. हे शेपूट मला खटकतं.

१२ जुलै १९९८. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजले होते. दोन कॉर्नर, दोन हेडर आणि मध्यंतरापूर्वीच ब्राझील गारद. शेवटी ३-०. झिदानचे आई-वडील अल्जेरियातल्या काबिलियाचे. तो वाढला मार्सेयच्या ला कास्तेलान वस्तीत. संघात घानात जन्मलेला देसाई, सेनेगलमध्ये जन्मलेला व्हिएरा, ग्वादलूपचा थुराम, न्यू कॅलेडोनियाचा कारेंब्यू. दोनच वर्षांपूर्वी ज्याँ-मारी ल पेन यांनी या संघाला कृत्रिम म्हटलं होतं, खेळाडू राष्ट्रगीत म्हणत नाहीत अशी तक्रार केली होती. (ही तक्रार आपल्याला कुठेतरी ऐकल्यासारखी वाटेल.) त्या रात्री पॅरिसच्या विजयकमानीवर झिदानचा चेहरा झळकला. काळे, गोरे, अरब यांचा नवा तिरंगा, असं फ्रान्स स्वतःचंच कौतुक करू लागला.

मग काय झालं? ऑक्टोबर २००१ मध्ये फ्रान्स आणि अल्जेरिया हे संघ पहिल्यांदा समोरासमोर आले, त्याच स्टेडियमवर. फ्रान्सच्या राष्ट्रगीताला शिट्ट्या पडल्या. ४-१ अशी आघाडी असताना प्रेक्षक मैदानात घुसले आणि सामना सोडून द्यावा लागला. ती पोरं बहुतेक फ्रान्समध्येच वाढलेली, झिदानच्याच वस्त्यांसारख्या वस्त्यांतली. सहा महिन्यांनी तेच ल पेन अध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत पोहोचले.

२००५ तर विसरूच नये. क्लिशी-सू-ब्वा या पॅरिसजवळच्या वस्तीत काही मुलं फुटबॉल खेळून घरी निघाली होती. पोलीस दिसले म्हणून ती पळाली, विजेच्या उपकेंद्रात लपली. दोघं विजेच्या धक्क्याने गेले. एक सतरा वर्षांचा, एक पंधरा. नंतर दंगली पेटल्या तेव्हा सरकारने आणीबाणी लावली ती १९५५ च्या कायद्याखाली, जो अल्जेरियातल्या युद्धासाठी केला होता. चेहरा विजयकमानीवर झळकून सातच वर्षं झाली होती.

म्हणून मला वाटतं, १९९८ ने जे दिलं ते नागरिकत्व नव्हतं, बक्षीस होतं. बक्षीस गोल केल्यावर मिळतं. मेसूत ओझिल २०१४ ला जर्मनीसाठी विश्वविजेता झाला. २०१८ ला संघ साखळीतच गारद झाल्यावर त्याने निवृत्ती घेताना लिहिलं की जिंकलो तर मी जर्मन, हरलो तर स्थलांतरित. एर्दोआनसोबतच्या त्याच्या फोटोवर टीका व्हायलाच हवी होती, ती मीही करेन. पण राजकीय चुकीबद्दल जाब विचारणं वेगळं आणि त्याच्या देशाबद्दलच शंका घेणं वेगळं.

आपल्या घरातलं उदाहरण ताजंच आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईत पाकिस्तानकडून दहा गड्यांनी हरलो. गोलंदाजी सगळ्यांचीच पिटली गेली, शिव्या मात्र मोहम्मद शमीला धर्मावरून पडल्या. कोहली त्याच्या बाजूने ठाम उभा राहिला, हेही नोंदवलं पाहिजे. दोन वर्षांनी वानखेडेवर शमीने उपांत्य सामन्यात सात बळी घेतले आणि आपल्यातल्या कित्येकांनी ते धावफलक असे फॉरवर्ड केले, जणू कुठल्या कचेरीत दाखला जोडतोय. आनंद समजतो. पण दाखला मागितला कुणी आणि आपण तो द्यायला इतके तयार का? त्या दिवशी सातऐवजी शून्य बळी मिळाले असते तर?

जुन्या आठवणीच काढायच्या तर रशीद मेखलूफीची काढा. १९५८ च्या विश्वचषकासाठी फ्रान्सच्या संघात त्याची जागा जवळपास नक्की होती. एप्रिलमध्ये तो, झितूनी आणि इतर काही अल्जेरियन खेळाडू गुपचूप फ्रान्स सोडून ट्युनिसला गेले आणि अजून जन्मालाही न आलेल्या देशाचा संघ म्हणून खेळू लागले. फिफाने मान्यता दिली नाही. स्वातंत्र्यानंतर मेखलूफी आपल्या जुन्या सेंत-एतियेन क्लबात परतला. १९६८ च्या फ्रेंच चषकाच्या अंतिम सामन्यात दोन्ही गोल त्याचेच होते. चषक द्यायला खुद्द द गॉल.

आणि अलीकडचं? जून २०२३ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने फुटबॉल महासंघाची सामन्यांतली हिजाबबंदी कायम ठेवली. हिजाब घालावा की नाही यावर आपल्यात मतभेद आहेत, माझेही आहेत. ते आपण आपसात भांडू. पण वस्तीतल्या क्लबकडून रविवारी खेळणाऱ्या, कधीच विश्वचषक न जिंकणाऱ्या मुलींना त्या निकालाने अधिकृत सामन्यांतून बाहेर बसवलं. १९९८ च्या व्हिडिओखालच्या प्रतिक्रियांत त्यांचा उल्लेख मला अजून सापडलेला नाही.