बैल थकलाय, का उपाशी आहे?

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. दिवाळीला मुखेडला गेले होते आणि परत येताना बसमध्ये जे डोक्यात घोळत होतं ते आज उतरवून काढते. विषय ऐकून नेहमीचे वाचक हसतील. विषय आहे मारुती 800 चं इंजिन :)

आमच्या घरी 1997 सालची पांढरी मारुती आहे. कार्बोरेटरवाली, चार गिअरची. अण्णांनी नांदेडहून आणली तेव्हा गल्लीभर पेढे वाटले होते. मी गाडी शिकले ती हिच्यावरच, बाऱ्हाळीच्या रस्त्यावर. आईला शेवटचं नांदेडच्या दवाखान्यात नेलं तेही हिच्यातूनच. त्यामुळे 'विकून टाकू' हे वाक्य भाऊ वर्षातून दोनदा म्हणतो आणि अण्णा दोन्ही वेळा ऐकू न आल्यासारखं करतात.

यंदा विषय काढला भाच्यानं. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अण्णांना दर दीड महिन्यानं डोळ्याच्या इंजेक्शनसाठी नांदेडला न्यावं लागतं, आणि ते काम त्याच्याकडे आहे. मागच्या खेपेला गाडीत चार माणसं, एसी चालू, आणि चढावर गाडीनं मान टाकली. दुसऱ्या गिअरवर रडत रडत चालली होती. मागून ऊस घेऊन येणारा ट्रॅक्टर हॉर्न वाजवायला लागला म्हणे. पोराला ते फार लागलं.

रात्री फराळाच्या ताटावर तो म्हणाला, "आत्या, दोन रस्ते आहेत. भंगारातल्या झेनचं इंजिन बसवायचं, नाहीतर आहे त्याच इंजिनाला टर्बो लावायचा. निम्मे पैसे माझ्याकडे साठलेत. निम्मे तू देशील का?"

म्हणजे प्रश्न नुसता गप्पांचा राहिला नाही. पैसे माझे, गाडी अण्णांची, आणि स्टिअरिंगवर भाऊ-वहिनींचं एकुलतं एक लेकरू. 'बघू' म्हणाले आणि पुढचे चार दिवस खरंच बघत बसले.

आधी त्याचं म्हणणं नीट सांगते, कारण पोरगं काही उगीच हवेत बोलत नव्हतं. आपल्या 800 चं इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. ताकद साधारण 37 हॉर्सपॉवर. झेनचं इंजिन 993 सीसी, चार सिलिंडर, 50 हॉर्सपॉवर, आणि सोबत पाच गिअरचा डबा. कंपनी एकच असल्यामुळे अशी बदली करणारे मिस्त्री बरेच आहेत. काही जण तर थेट एस्टीमचं 1298 सीसीचं इंजिनसुद्धा बसवतात.

टर्बोचं गणित वेगळं. इंजिन तेच राहतं. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं, ते दुसरं चक्र फिरवतं आणि बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतं. हवा जास्त गेली की पेट्रोलही जास्त जाळता येतं. दीडपट हवा कोंबली तर कागदावर 37 चे 55 होतात. भाच्यानं हे वहीत आकृती काढून दाखवलं. मला कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

म्हणजे कागदावर दोन्ही रस्ते जवळजवळ एकाच गावाला जातात. एक 50 ला, दुसरा 55 ला. मग निवड कशावरून करायची? मला वाटतं, ताकद किती मिळाली यापेक्षा तिचा ताण कुणाच्या अंगावर पडला हे बघायला पाहिजे.

टर्बोचा ताण पडतो तो जुन्या इंजिनावरच. त्याच क्रँकवर, त्याच बेअरिंगवर, त्याच हेड गॅस्केटवर. आणि आमचं इंजिन कार्बोरेटरचं. दाबलेल्या हवेच्या हिशोबानं पेट्रोल कमी पडलं की मिश्रण पातळ होतं, ते वेळेआधीच पेटतं, इंजिन आतून टकटकतं आणि पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. त्यात आपल्याकडचा मे महिना, पारा 42 च्या वर. टर्बोला तेल लागतं, गारवा लागतो. मुखेड म्हणजे काही लेह नव्हे, की विरळ हवेसाठी टर्बो हवाच म्हणावं.

"पण जपानमध्ये सुझुकीनंच छोट्या गाडीला टर्बो लावला होता की!" इति भाचा. खरं आहे. आपली 800 ज्या आल्टोच्या घरातली, त्याच घरात 1987 साली आल्टो वर्क्स निघाली. 543 सीसीचं इंजिन आणि ताकद 64. मी त्याला म्हटलं, बाळा, हेच उदाहरण तुझ्या विरुद्ध जातं. सुझुकीनं जुन्या इंजिनाला वरून टर्बो चिकटवला नव्हता. बारा व्हॉल्व्ह, दोन कॅमशाफ्ट, इंजेक्शनचं पेट्रोल, अशी सगळी जमवाजमव टर्बोसाठी केली होती. आपण त्यातला एकच तुकडा उचलून आणणार.

इंजिन बदललं तर ताण इंजिनावर येत नाही. तो जातो बाकीच्या गाडीवर. माउंटिंग, अॅक्सल, रेडिएटर, वायरिंग हे सगळं बदलावं लागतं, ते एक सोडा. खरी गोष्ट सांगितली ती आमच्या मिस्त्री चाचांनी. गेली पंचवीस वर्षं ही गाडी त्यांच्याच हाताखाली आहे. भाच्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाले, "इंजन तो बिठा देता मैं. लेकिन बेटा, गाडी रुकाएगा कौन?"

ब्रेक, बारा इंची चाकं, सस्पेन्शन हे सगळं 37 च्या हिशोबानं बनलेलं. गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. पुढचा भाग जड केला आणि वेग वाढवला की वळणावर ती वेगळीच गाडी होते. त्या गाडीत मागच्या सीटवर अण्णा बसणार, एका डोळ्यावर पट्टी घेऊन.

आता कायद्याचं. हा भाग कुणाला आवडत नाही, पण मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी आरसी बुक जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. 9 जानेवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयानंही केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. इंजिन निकामी झालं तर त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या मंजुरीनं बसवता येतं. पण 800 च्या जागी झेनचं म्हणजे त्याच प्रकारचं नव्हे. सीसी वेगळी, सिलिंडर वेगळे. टर्बोला तर तेवढीही वाट नाही.

'कोण बघतंय?' असं आपल्याकडे पटकन म्हटलं जातं. रोज कुणी बघत नाही, हे खरं. पण अपघात झाला की सगळे बघतात. विमा कंपनीचा माणूस पहिल्यांदा बॉनेटच उघडतो. समोरच्या मोटारसायकलवाल्याला लागलं आणि विमा कंपनीनं वाद काढला, तर भरपाईसाठी ती माणसं आमच्याच दारात उभी राहणार. तेव्हा 13 हॉर्सपॉवर जास्त होती याचं समाधान कुणाला?

हे सगळं बोलणं चालू असताना अण्णा ओसरीवर बसून होते. आम्हाला वाटलं, पेंगतायत. लहानपणी त्यांच्या घरी लाल कंधारीची जोडी होती, त्या गोष्टी आम्ही शंभरदा ऐकल्यात. मध्येच म्हणाले, "तुमी नवा बैल आणावं का, का ह्यालाच दारू पाजून पळवावं, ह्येच बोलूलालाव. बैल थकलाय का उपाशी हाय, ते कुणी बगितलं का आदी?"

सगळे गप्प.

दुसऱ्या दिवशी चाचांनी तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासलं. दोन बऱ्यापैकी, तिसरं पार खाली. क्लच घसरत होता. कार्बोरेटरमध्ये गाळ. पेट्रोलचे रबरी पाइप कडक होऊन चिरलेले. हल्ली सगळीकडे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि 1997 चं रबर त्यासाठी बनलेलं नाही, तेही एक कारण असावं. थोडक्यात, ज्या इंजिनाला आम्ही 37 चं म्हणून नावं ठेवत होतो ते 37 देतच नव्हतं. बैल म्हातारा होता, पण उपाशीही होता!

तेव्हा माझं मत असं. रेसिंगचा ट्रॅक असेल, गाडी फक्त तिथेच चालवायची असेल, तर दोन्हींपैकी इंजिन बदलणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, तेही ब्रेकपासून सुरुवात करून. जुन्या कार्बोरेटरच्या इंजिनाला टर्बो, हे शिकायला छान, वापरायला नाही. पण घरातल्या माणसांना घेऊन रस्त्यावर जायचं असेल तर दोन्ही नकोत. आहे ते इंजिन उघडा, बोअर करा, पिस्टन-रिंगा, व्हॉल्व्ह, क्लच, पाइप, ब्रेक, टायर, सगळं नीट करा. यात मिरवण्यासारखं काही नाही, हे मला मान्य आहे.

मी निम्मे पैसे दिले. फक्त अट एक, इंजिन उघडताना भाच्यानं चाचांच्या शेजारी बसून प्रत्येक बोल्ट स्वतः काढायचा. पहिले दोन दिवस तोंड फुगवून बसला होता. तिसऱ्या दिवशी रात्री काळ्या हातांनी फोन केला, "आत्या, तिसऱ्या सिलिंडरची रिंग तुटलेली निघाली!" आवाजात एवढा आनंद, की जणू खजिना सापडला.

परवा तो अण्णांना घेऊन नांदेडला जाऊन आला. चढावर एसी बंद करावा लागला, पण गाडी तिसऱ्या गिअरवर चढली. ट्रॅक्टर मागेच राहिला म्हणे.

2027 ला पुन्हा पासिंग आहे. वीस वर्षांवरच्या मोटारीची फी 2025 पासून दहा हजार झाली आहे, म्हणजे भाऊ पुन्हा 'विकून टाकू' म्हणणारच. त्याच्यासाठी एक माहिती देऊन थांबते. 2021 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे 50 वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात असली तरच. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल चालत नाही. आमची मारुती 2047 ला पन्नाशीची होईल. तेव्हा भाचा माझ्या आजच्या वयाचा असेल, आणि इंजिनावरचा नंबर आरसी बुकातल्या नंबराशी जुळेल.

दादा, वाचतोयस ना?