साडेतीन तारे

द्वितीय वर्षाच्या वर्गाला 'साहित्यकृती आणि चित्रपट' हा घटक शिकवून झाल्यावर आम्ही मुलांना 'फँड्री'वर दोन पाने लिहून आणायला सांगितले होते. त्यांतल्या एका विद्यार्थ्याने सहा ओळी लिहून आणल्या. कथा साडेतीन, अभिनय साडेचार, संगीत तीन, छायाचित्रण चार. एकूण साडेतीन तारे. 'एकदा पाहावा असा चित्रपट'. खाली नाव आणि हजेरी क्रमांक. मुलगा हुशार आहे, कामचुकार तर मुळीच नाही. त्याच्या दृष्टीने त्याने परीक्षण लिहिले होते, कारण परीक्षण म्हणून आजवर त्याच्या डोळ्यांखालून जे गेले ते असेच दिसत होते.

आम्ही त्या कागदावर लाल शाईने दहापैकी चार गुण दिले. तो कागद स्टाफरूमच्या टेबलावर बराच वेळ पडून होता. त्याने नागराज मंजुळे यांना पाचपैकी साडेतीन दिले होते आणि आम्ही त्याला दहापैकी चार. का, हे त्यानेही लिहिले नव्हते आणि आम्हीही नाही.

आम्ही दोघे मराठीचे प्राध्यापक, एक बारामतीत शिकवतो, दुसरा इंदापुरात. मधला रस्ता पन्नासेक किलोमीटरचा. भवानीनगर, सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी असा, गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागून रखडत जाणारा. आमच्या साहित्यविषयक वादांपैकी निम्मे या रस्त्यावर झाले आहेत. त्या कागदावरचा वादही तिथलाच. पुढे जे लिहिले आहे त्यावर आमचे एकमत आहे, असे मात्र वाचकांनी समजू नये. जिथे नाही तिथे तसे म्हटले आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य करायला हवी. अभिप्राय छोटा असणे हा दोष नाही. सिनेमाबद्दल आपल्याकडे पूर्वीपासून छोटेच बोलले जाते. 'पैसे वसूल', 'डब्बा', 'डोक्याला ताप', 'मध्यंतरापर्यंत बरा आहे' हे सगळे निकाल एका श्वासातले, आणि अनेकदा अचूक. जत्रेतल्या तंबूच्या सिनेमात तर प्रेक्षक बाहेर येईपर्यंतही थांबत नसे. शिट्टी, पडद्यावर फेकलेले नाणे किंवा रीळ तुटल्यावर उठणारा गलका हेच परीक्षण. महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवरचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला आणि त्याला तिथे परीक्षकांची विशेष दाद मिळाली. तंबूतली शिट्टी ठरावीक जागी वाजते, हे इथे लक्षात घेतले पाहिजे. ती कोणत्या दृश्याला आहे हे सगळ्यांना कळते. चार तारे कोणत्या दृश्याला आहेत हे देणाऱ्यालाही सांगता येईल की नाही, याची आम्हांला शंका आहे.

ताऱ्यांची ही प्रथा फार जुनीही नाही. १९२८ साली 'न्यूयॉर्क डेली न्यूज'मध्ये आयरीन थायरर या समीक्षिकेने चित्रपटांना शून्य ते तीन तारे द्यायला सुरुवात केली. त्याच्या दोनच वर्षे आधी मिशलॅनच्या मार्गदर्शिकेत फ्रान्समधल्या खाणावळींना तारे लागू लागले होते. जेवण आणि सिनेमा दोन्ही विकत घ्यायच्या वस्तू, तेव्हा ग्राहकाला आधी सूचना द्यावी, हा व्यवहार त्यामागे आहे, आणि व्यवहार म्हणून त्यात वावगे काही नाही. पुढे १९५०च्या दशकात 'कायए द्यु सिनेमा' या फ्रेंच मासिकाने दहा समीक्षकांच्या खुणांचा तक्ता छापायला सुरुवात केली. तिथली गंमत वेगळी होती. एकाच चित्रपटापुढे एकाचे सगळे तारे आणि शेजारच्याचा ठळक काळा ठिपका, असे दोन्ही शेजारी शेजारी छापलेले. ठिपका म्हणजे 'हा पाहूच नका'. तक्त्यातून वाचकाला मतभेद दिसत. आजच्या तिकिटाच्या ॲपवर हजारोंच्या मतांची सरासरी एका आकड्यात येते आणि नेमका मतभेदच पुसला जातो. एका वर्गातल्या निम्म्या मुलांना शंभर आणि निम्म्यांना शून्य मिळाले, तर वर्गाची सरासरी पन्नास येईल. पण पन्नास गुणांचा एकही मुलगा त्या वर्गात नसेल.

आपल्याकडे छोट्या आणि जहरी अभिप्रायाचा बादशहा म्हणजे पालघरजवळच्या मासवणचे बाबूराव पटेल. १९३५ साली त्यांनी मुंबईत इंग्रजीतून 'फिल्मइंडिया' सुरू केले आणि पुढची पंचवीस वर्षे सिनेमावाल्यांची झोप उडवली. त्यांचे निकाल अनेकदा अन्यायाचे, क्वचित असभ्यही असत. त्यांचे समर्थन करण्याची आमची इच्छा नाही. तरीही त्या दोन ओळींमागे एक हट्टी, रागीट, मतलबी असा पुरा माणूस उभा असे. त्याच्याशी भांडता येई. मंटोने त्यांच्यावर व्यक्तिचित्र लिहिले, ते उगीच नव्हे. साडेतीन ताऱ्यांवर कोणी व्यक्तिचित्र लिहील काय?

आता या 'साडेतीन'चेच पाहा. मराठी माणसाला हा आकडा मोठा प्रिय. मुहूर्त साडेतीन, देवीची पीठे साडेतीन, पेशवाईतले शहाणे साडेतीन. परंतु या प्रत्येक ठिकाणी अर्धे काय आणि ते अर्धे का, याचा काही ना काही खुलासा परंपरेने दिलेला आहे. वणीची सप्तशृंगी अर्धे पीठ मानली जाते, त्यामागची कथा सांगणारे लोक आहेत. सखारामबापू, देवाजीपंत आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण शहाणे आणि नाना फडणवीस अर्धे, कारण नानांकडे बुद्धी असली तरी तलवार नव्हती. पटो वा न पटो, कारण आहे, आणि कारण असल्यामुळे त्यावर वाद घालता येतो. परीक्षणातला अर्धा तारा कशासाठी कापला जातो? उत्तरार्ध लांबला म्हणून? गाणी जास्त झाली म्हणून? की चार दिले तर फार कौतुक होईल आणि तीन दिले तर निर्माता रागवेल म्हणून? आमच्यापैकी एकाचे मत शेवटच्या शक्यतेकडे झुकते. दुसऱ्याला हे अनुदार वाटते. शुक्रवारी दुपारी चित्रपट पाहून रात्री मजकूर देणाऱ्या, आठवड्यात तीन तीन चित्रपट संपवणाऱ्या पत्रकाराला अर्धा तारा हीच विचार करायची जागा मिळते, असे त्याचे म्हणणे.

'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला तेव्हाची गोष्ट या भागातल्या कोणाला सांगायला नको. इंदापूरहून उजनीचे पाणी ओलांडले की करमाळा तालुका; मंजुळे तिथल्या जेऊरचे. रिंकू राजगुरू अकलूजची, म्हणजे इंदापूरकरांच्या शेजारचीच. पडद्यावरची केळीची बाग, विहीर, कॉलेजचा रस्ता आणि मुख्य म्हणजे बोलणे, हे सगळे आमच्या मुलांच्या घरातले. काही गावांत मध्यरात्रीचे आणि पहाटेचे खेळ लावावे लागले. आर्चीची वाक्ये मुलामुलींना पाठ झाली. शंभर कोटींचा आकडा आला आणि मग काही आठवडे त्याच आकड्याची चर्चा झाली. तारेही भरपूर मिळाले. यातले काहीच आम्हांला खटकले नाही. आम्हीही शिट्ट्या वाजवल्या.

मात्र त्या आठवड्यांत आम्ही जे चार-पाच ओळींचे अभिप्राय वाचले, त्यांत एका दृश्याचा उल्लेख आम्हांला सापडला नाही, आणि ते दृश्य आमचे होते. कॉलेजच्या वर्गात लोखंडे सर कविता शिकवत आहेत. दलित कवितेबद्दल बोलत आहेत. एक मुलगा वर्गात फोनवर बोलतो, सर त्याला हटकतात. तो गावच्या पुढाऱ्याचा मुलगा. तो उठतो आणि भर वर्गात सरांच्या कानाखाली वाजवतो. पुढे प्रकरण मिटते ते मुलाच्या बाजूने. सगळे मिळून मिनिटा-दोन मिनिटांचा मामला. थिएटरमध्ये त्या क्षणी थोडे हसूही आले होते. आम्ही दोघे मराठीचे मास्तर, कविता शिकवणारे, शेजारी शेजारी बसलेले. आम्हांला हसू आले नाही आणि नंतर बाहेर चहा पितानाही आम्ही त्यावर बोललो नाही.

या दृश्यातून चित्रपटाचा शेवट उलगडतो, असे आता वाटते. शेवटी पडद्यावरून आवाज काढून घेतला जातो आणि रक्तात उमटलेली लहान पावले दिसतात. तो शेवट अचानक येतो, प्रेक्षकाला धक्का देण्यासाठी जोडलेला आहे, अशी तक्रार तेव्हा पुष्कळांनी केली. पण तो अचानक नाही. ती थप्पड मारणारा मुलगा आर्चीचा भाऊ आहे. कोणाला मारले तर काहीच होत नाही, हे तो त्या वर्गात शिकला, आणि सगळ्या वर्गाने, संस्थेने, आम्ही प्रेक्षकांनीही त्याला ते शिकू दिले. पूर्वार्ध गोड आणि उत्तरार्ध कडू, असे जे वाटप झाले, 'पहिला भाग चार तारे, दुसरा तीन', त्यात हा धागा दिसण्याची सोयच नाही. तारा तुकड्यांना गुण देतो आणि बेरीज करतो. पहिल्या तासातल्या थप्पडीचा शेवटच्या मिनिटांशी असलेला संबंध कोणत्या रकान्यात लिहायचा? कथेच्या, की अभिनयाच्या?

शुक्रवारचा निकाल पुढे टिकतोच असेही नाही. गुरुदत्तचा 'कागज के फूल' १९५९ साली पडला आणि त्यानंतर त्याने दिग्दर्शक म्हणून नाव लावले नाही. सव्वीस वर्षांनी, १९८५ साली, अरुण खोपकरांचे 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' आले. 'प्यासा', 'कागज के फूल' आणि 'साहिब बीबी और गुलाम' हे तीन चित्रपट मराठीतून, प्रकाश कुठून येतो आणि कॅमेरा कधी हलतो इथपर्यंत पाहणारे हे पुस्तक. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. आमच्या विद्यार्थ्यांनी ते वाचलेले नाही. खरे सांगायचे तर आमच्यापैकी एकाने ते एम.ए. झाल्यावर दहा वर्षांनी वाचले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. इंदापूरच्या एखाद्या कुटुंबाने चौघांची तिकिटे, जाणे-येणे आणि खाणे धरून पुण्याच्या मल्टिप्लेक्सला जायचे, तर त्यांना आधी कोणीतरी सांगायला नको का, की जा किंवा जाऊ नका? हवे. त्यांना दोन पानांचे रसग्रहण नको असते. आणि मराठी चित्रपटाला दुसऱ्या आठवड्यात पडदा मिळवून देण्यात कधीकधी हेच चार तारे कामाला येतात, हेही आम्हांला माहीत आहे. आमचे भांडण त्या कुटुंबाशी नाही, पत्रकाराशीही फारसे नाही. ते स्वतःशी आहे. कारण वर्गात रसग्रहण म्हणून आम्ही जे शिकवतो, ते तरी वेगळे कुठे आहे? 'वास्तवदर्शी चित्रण', 'ओघवती भाषा', 'मनाला भिडणारा शेवट', 'आशयसंपन्न कलाकृती'. ही विशेषणे म्हणजे अक्षरांत लिहिलेले तारेच. आमच्या मार्गदर्शक पुस्तिकांतून ती विद्यार्थ्यांकडे जातात आणि उत्तरपत्रिकांतून जशीच्या तशी परत येतात, आणि परत आली की आम्ही गुण देतो. नियतकालिकांतली आमची स्वतःची परीक्षणे काढून पाहिली तेव्हा एकाने एकाच लेखात 'समर्थ' हा शब्द सात वेळा वापरलेला आढळला. (कोणी, ते सांगणार नाही.) आमच्या महाविद्यालयांच्याही श्रेण्या ठरतात आणि प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर ठळक अक्षरांत लागतात, त्या विद्यार्थ्याने आकड्याची भाषा शिकायला फार लांब जावे लागले असेल असे नाही.

म्हणून पुढच्या वेळी आम्ही उलटे केले. दोन पानांची अट काढली. चारच ओळी लिहा, पण त्यांत एकही आकडा नको आणि एकही विशेषण नको. काय दिसले तेवढे लिहा. वर्गात कुरकुर झाली. विशेषणाशिवाय लिहायचे तरी काय, असे एकाने सरळ विचारले. निम्म्या कागदांवर कथानक आले. काहींनी विशेषणे क्रियाविशेषणांत दडवून आणली, ती व्याकरणाच्या तासाला उपयोगी पडली. साडेतीन तारेवाल्या मुलाने लिहिले की जब्याचा दगड कोणाला लागला ते दिसत नाही, कारण तो आपल्याकडे येतो आणि पडदा काळा होतो. मागच्या बाकावरच्या, वर्षभर तोंड न उघडलेल्या एका मुलीचा कागद असा होता : 'शाळेच्या भिंतीवर आंबेडकर आहेत, फुले आहेत, सावित्रीबाई आहेत. भिंतीसमोरून डुक्कर बांधलेली काठी जाते. काठी जब्याच्या घरच्यांच्या खांद्यावर आहे. मी त्या शाळेत शिकले आहे असे मला वाटले.'

हा कागद आम्ही रस्त्यावर, लासुर्ण्याच्या टपरीवर थांबून पुन्हा वाचला. एकाचे म्हणणे, दहापैकी दहा. दुसऱ्याचे म्हणणे, शेवटच्या वाक्यावर तिच्याशी आधी बोलू, मग पाहू. तिच्या नावापुढचा अंतर्गत मूल्यमापनाचा रकाना अजून कोरा आहे, आणि तो सोमवारपर्यंत भरून द्यायचा आहे.