जुन्या स्पीकरचा जमाखर्च

जुन्या घराची आवराआवर निघाली की माळ्यावरून दोन जड लाकडी पेट्या खाली येतात. वडिलांनी किंवा काकांनी हौसेने घेतलेले ते स्पीकर असतात. लावून पाहिले तर खर्जात घरघर ऐकू येते. एक भाऊ म्हणतो, भंगारात द्या. दुसरा म्हणतो, राहू द्या, पुढेमागे किंमत येईल. हिशेबाच्या वहीत घसारा लागून त्यांची किंमत केव्हाच शून्यावर आलेली असते. परंतु हे दोन्ही निर्णय माल न तपासताच घेतलेले असतात.

अशा पेटीचे मोल कशात असते, हे अमेरिकेतील एका उदाहरणावरून कळते. मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे १९५४ साली एडगर विल्चर यांनी हेन्री क्लॉस या आपल्या विद्यार्थ्यासह ‘अकूस्टिक रिसर्च’ ही कंपनी काढली. त्या काळी खोल खर्ज हवा असेल तर कपाटाएवढी पेटी लागे. शंकू जागेवर परत आणणारा आधार ताठर असे. आवाज वाढला की त्याची ओढ असमान होई आणि स्वर बिघडे. विल्चर यांनी शंकू सैल बसवला आणि हवाबंद पेटीत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले. या कल्पनेचे पेटंट त्यांना १९५६ मध्ये मिळाले. पेटी फळीवर मावेल एवढी झाली, तरी खर्ज खोल राहिला. कंपनी पाच वर्षांची हमी देई. तीत सुटे भाग आणि मजुरी तर येतच, शिवाय दुरुस्तीसाठी पाठवण्याचे आणि परत आणण्याचे भाडेही येई. विकलेल्या मालाची जबाबदारी विक्रीनंतरही आपलीच, ही व्यापारी पेढीची जुनी रीत तिने कारखान्यात पाळली.

हमीची मुदत संपल्यावर ती जबाबदारी मालकाकडे येते. शंकूभोवतीची कड प्रथम तपासावी. पूर्वी ती लेप दिलेल्या कापडाची असे. १९७० नंतरच्या अनेक स्पीकरमध्ये ती पॉलियुरेथेन फोमची आहे. हा फोम वापराने झिजत नाही, तर हवा, उष्णता आणि दमटपणा यांनी आपोआप कुजतो. म्हणून पंधरा-वीस वर्षे न वाजवता ठेवलेला स्पीकरही बिघडलेलाच निघतो. कड नवी लावता येते. मात्र शंकू नेमका मध्यभागी बसला पाहिजे, नाहीतर आतली कॉइल चुंबकाला घासते. हवाबंद पेटीची परीक्षा घरीही होते. मोठा शंकू बोटांनी अलगद, सर्व बाजूंनी सारखा दाबून सोडावा. तो सावकाश परत आला तर पेटी घट्ट आहे. झटकन आला तर हवा कुठेतरी गळते आहे.

तार स्वर ऐकू येत नसतील तर ट्वीटर जळला असे ठरवून नवा आणण्याची घाई करू नये. पुष्कळदा दोष पेटीच्या मागील बाजूच्या, आवाजाचा तोल जुळवणाऱ्या बटणांत असतो. त्यांचे धातूचे स्पर्श गंजलेले असतात आणि साफ केल्यावर स्वर परत येतो. त्यानंतर कपॅसिटर तपासून घ्यावेत, कारण काळानुसार त्यांची मूल्ये ढळतात. कारागिराकडून आधी निदान, मग अंदाजपत्रक आणि शेवटी काम, हाच क्रम ठेवावा. काढलेले मूळ भाग परत मागून घ्यावेत.

यापुढचा प्रश्न पैशाचा नाही. एक जोडी दुरुस्त झाली की दुसरी दिसते, मग तिसरी. श्रावकाचे पाचवे अणुव्रत परिग्रहाला मर्यादा घालते आणि तत्त्वार्थसूत्र परिग्रहाचे मूळ वस्तूत नव्हे, तर मनाच्या आसक्तीत पाहते. या कसोटीवर माळ्यावरची न ऐकलेली जोडी, भाव येण्याच्या आशेने ठेवलेली, परिग्रहच ठरते. तिच्या बंद, धुळकट पेटीत जीवजंतूंची वस्ती होते आणि मग साफसफाईत त्यांची हिंसा टळत नाही. रोज ऐकली जाणारी, वेळच्या वेळी पुसली जाणारी जोडी मात्र जयणेने वापरलेली वस्तू होय.

तेव्हा माळ्याखाली उभ्या असलेल्या दोघा भावांनी भंगार की भाव हा वाद बाजूला ठेवावा आणि ती ऐकणार कोण, एवढेच ठरवावे. घरात कोणी ऐकणार असेल तर दुरुस्तीचा खर्च आनंदाने करावा. कोणी नसेल तर दोष न लपवता ती ऐकणाऱ्याच्या हाती सोपवावी. वडिलांची हौस दोन्ही प्रकारे जपली जाते. माळ्यावर मात्र तिचा फक्त फोम कुजतो.