बासष्टचा आकडा

गेल्या आठवड्यात डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी ब्रेडबोर्ड घेऊन माझ्याकडे आला. बोर्डावर एटीमेगा ३२८पी ही चिप, एक एलईडी आणि संगणकाला जोडायची सिरीयल केबल. म्हणाला, ‘‘सर, एलईडी बरोबर चालतो, पण स्क्रीनवर नुसती वेडीवाकडी अक्षरं येतात.’’ एलईडी खरोखरच सेकंदाच्या ठोक्याला लागत-विझत होता. प्रोग्राम उघडला, तर डिलेच्या कंसात १०००च्या जागी ६२. हे कुठून आलं, म्हणून विचारलं. ‘‘१००० टाकले की सोळा सेकंद लागायचे. कमी करत करत जुळवलं.’’

त्या ‘जुळवलं’नेच त्याचे पुढचे दोन दिवस खाल्ले होते.

मिलिसेकंदांचा डिले देणाऱ्या फंक्शनजवळ स्वतःचं घड्याळ नसतं. प्रोग्रामच्या वरच्या ओळीत आपण ‘एफ-सीपीयू’ म्हणून जो आकडा लिहितो, त्यावरून कंपायलर हिशेब करतो आणि तितक्या चकरा मारायला सांगतो. चिप तो आकडा कधीच वाचत नाही. तिथे १६ मेगाहर्ट्‌झ लिहिलं, की एका सेकंदासाठी १ कोटी ६० लाख ठोके मोजले जाणार. चिप १ मेगाहर्ट्‌झने चालत असेल, तर तेवढे ठोके पडायला सोळा सेकंद लागणारच.

ती १ मेगाहर्ट्‌झनेच चालत होती. ही चिप कारखान्यातून येते तेव्हा आतल्या ८ मेगाहर्ट्‌झच्या आरसी ऑसिलेटरवर चालते आणि त्या घड्याळाला आठने भागणारा फ्यूजही, म्हणजे चिपमधली सेटिंग, चालू असतो. प्रोग्राम मात्र १६ मेगाहर्ट्‌झच्या तयार आर्डुइनो बोर्डासाठी लिहिलेला, आणि बाजारातून आणलेली चिप कोरी. ६२ लिहून एलईडी ताळ्यावर आला, पण सिरीयल पोर्टचा वेग त्याच खोट्या आकड्यावरून काढलेला होता. ९६०० बॉडच्या जागी तिथून ६०० बॉडने अक्षरं निघत होती. एका ठिकाणी चूक झाकली गेली आणि दुसरीकडे ती ओळखू येईनाशी झाली.

म्हणून माझं सांगणं असं, की वेळ चुकली की आधी कोड बदलू नका. किती पटीने चुकली ते काढा. ती पटच बहुधा दुखणं सांगते. आठपट मंद असेल, तर भागणारा फ्यूज बघा. सोळापट असेल, तर फ्यूज आणि एफ-सीपीयू दोन्ही. टायमरने काढलेली फ्रीक्वेन्सी बरोबर निम्मी आली, तर पिन एकदा उलटणं म्हणजे पूर्ण आवर्तन असं धरलंत का ते तपासा. एका आवर्तनात पिन दोनदा उलटते. चूक काही टक्क्यांची असेल, तर आरसी ऑसिलेटरकडे वळा. त्याची कारखान्यातली अचूकता अधिक-उणे दहा टक्के धरलेली असते, आणि तापमान व व्होल्टेजप्रमाणे तो सरकतो. दर वेळी ठराविक दोन-चार मायक्रोसेकंदच जास्त जात असतील, तर घड्याळ निर्दोष आहे; तो वेळ फंक्शन कॉल किंवा इंटरप्ट खातो.

हे मोजायला ऑसिलोस्कोप लागतोच असं नाही. टायमरवर एलईडी चालवा, मोबाईलचं स्टॉपवॉच लावा आणि दहा मिनिटं ठोके मोजा. बटण दाबताना पाव सेकंद इकडेतिकडे झाला, तरी सहाशे सेकंदांत ती चूक अर्ध्या टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी राहते.

आम्ही एफ-सीपीयूच्या ओळीत १ मेगाहर्ट्‌झ लिहिलं आणि डिलेत पुन्हा १००० टाकले. एलईडी सेकंदावर आला. स्क्रीनवरची अक्षरं मात्र वेडीवाकडीच. त्याचा चेहरा पडला, पण शिकण्याजोगं खरं इथेच होतं. बॉड रेट काढताना घड्याळाला पूर्णांकानेच भागता येतं. १ मेगाहर्ट्‌झवर साध्या पद्धतीने ९६००च्या सर्वांत जवळचा वेग मिळतो तो ८९२८, म्हणजे सात टक्के कमी. एका अक्षरामागे दहा बिट जातात. शेवटच्या बिटाच्या मध्यावर पोहोचेपर्यंत ही चूक साठत साठत बिटाच्या दोन-तृतीयांशाएवढी होते, आणि घेणारा चुकीच्या बिटावर बोट ठेवतो. भागणारा फ्यूज काढून चिप ८ मेगाहर्ट्‌झवर नेली आणि वरची ओळही तशी बदलली. आता भागाकाराची चूक ०.२ टक्के उरली. अक्षरं स्वच्छ उमटली.

आपल्या अभ्यासक्रमातल्या ८०५१ या मायक्रोकंट्रोलरबरोबर ११.०५९२ मेगाहर्ट्‌झचा विचित्र आकड्याचा क्रिस्टल येतो, त्याचंही कारण हेच. त्याला १२ने, मग ३२ने, मग ३ने भागा. नेमके ९६०० येतात. १२ मेगाहर्ट्‌झचा सरळ आकड्याचा क्रिस्टल लावला, तर त्याच भागाकाराने १०४१६ येतात, साडेआठ टक्के जास्त. ११.०५९२ हा आकडा हजारो मुलं पाठ करतात. तो भागून बघायला त्यांना कोणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दोष मुलांचा नाही. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये गणिताने काढलेल्या किमतीशेजारी निरीक्षणाचा रकाना असतो, आणि तो वर्षानुवर्षं गणितावरूनच भरला जातो. निरीक्षण वेगळं आलं तर गुण जातील, ही भीती आपण शिक्षकांनीच घातली आहे. ती काढायची, तर न जुळलेल्या निरीक्षणाला आणि त्याचं कारण शोधण्याला गुण द्यावे लागतील.

निघताना त्याने जर्नल उघडलं आणि विचारलं, ‘‘सर, एलईडीच्या प्रयोगात निरीक्षणात एक सेकंद लिहू ना?’’

मी म्हटलं, ‘‘आधी सोळा लिही. मग तो एक कसा झाला, ते लिही.’’