विश्लेषण : २९ लाखांच्या देशातील बास्केटबॉल लीग कोणाच्या भरवशावर?

युरोपच्या ईशान्य टोकाला असलेल्या लिथुआनियाची लोकसंख्या जेमतेम २९ लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे शहराची नोंद याहून अधिक होती. या देशाने २०२३ च्या विश्वचषकात अमेरिकेला ११०-१०४ असे हरवले. त्याच देशाला २०२१ मध्ये झालेल्या टोक्यो आणि त्यानंतरच्या पॅरिस अशा सलग दोन ऑलिम्पिकची पात्रता मात्र गाठता आली नाही. एवढी गुणवत्ता येते कुठून आणि ती आता निसटते आहे का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देशाच्या क्लब लीगमध्ये दडलेली आहेत. त्या लीगपुढे सध्या तिच्या इतिहासातील सर्वांत अवघड काळ उभा आहे.

बास्केटबॉलचे एवढे वेड कशामुळे?

लिथुआनियात बास्केटबॉलला ‘दुसरा धर्म’ म्हणतात. १९३७ आणि १९३९ मध्ये या देशाने युरोपीय विजेतेपद पटकावले. १९३९ ची स्पर्धा तर कौनास शहरातच झाली आणि तिच्यासाठी तिथे खास क्रीडागृह उभारण्यात आले. पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघाने देश गिळंकृत केला. त्यानंतरच्या पाच दशकांत कौनासचा झालगिरिस हा क्लब लोकांच्या अस्मितेचे प्रतीक बनला. क्लबचे नाव १४१० च्या ज्या लढाईवरून आले, तिच्यात पोलंड आणि लिथुआनियाच्या फौजांनी ट्यूटॉनिक सरदारांना धूळ चारली होती. झालगिरिसने १९८५, १९८६ आणि १९८७ असे सलग तीनदा सोव्हिएत विजेतेपद जिंकले, तेही लष्कराच्या सीएसकेए मॉस्कोला मागे टाकून. उघडपणे झेंडा मिरवता येत नव्हता, त्या काळात लोक हिरवा-पांढरा स्कार्फ मिरवत होते. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या सोव्हिएत संघाचे चार आधारस्तंभ लिथुआनियन होते : साबोनिस, मार्चुलिओनिस, कुर्तिनाइतिस आणि खोमिचियस. स्वातंत्र्यानंतर १९९२ मध्ये बार्सिलोनात लिथुआनियाने माजी सोव्हिएत देशांच्या एकत्रित संघाला नमवून कांस्यपदक मिळवले, तेव्हा तो निव्वळ खेळातला विजय राहिला नव्हता.

लीगची रचना कशी आहे?

एनबीएमध्ये खेळत असलेल्या शारूनास मार्चुलिओनिसच्या पुढाकाराने १९९३ मध्ये ‘एलकेएल’ ही लीग सुरू झाली. तिच्यात साधारण दहा संघ असतात. तळाच्या संघावर खालच्या श्रेणीत घसरण्याची टांगती तलवार असते आणि त्या श्रेणीखालीही लहान गावांच्या स्पर्धांचे जाळे आहे. लीगचे खरे वैशिष्ट्य तिच्या नकाशात दिसते. राजधानी विल्नियस आणि कौनासबरोबरच क्लाइपेदा, पानेवेझिस, शियाउलियाय, उतेना या शहरांचे संघ तिच्यात खेळत आले आहेत. पास्वालिससारख्या काही हजार वस्तीच्या गावाचा संघही अनेक वर्षे याच पातळीवर खेळला. संघांच्या नावांतून पैशाचा मार्ग कळतो. पास्वालिसचा संघ दुग्धव्यवसायातील कंपनीच्या नावाने ओळखला जातो, पानेवेझिसचा लिएतकाबेलिस हा केबल कारखान्याच्या, तर विल्नियसच्या ‘रितास’चे नाव एका दैनिकावरून आले. ‘रितास’ म्हणजे सकाळ. स्थानिक उद्योग, नगरपालिका आणि तिकीट काढून येणारा प्रेक्षक या तीन खांबांवर बहुतेक क्लब उभे असतात. यातला एक जरी खांब डळमळला, तरी हंगाम धोक्यात येतो.

मग स्पर्धा दोनच क्लबांची का?

२०२५ पर्यंतच्या ३२ हंगामांत २५ विजेतेपदे झालगिरिसची आणि उरलेली सात रितासची. तिसऱ्या क्लबला एकदाही चषक उंचावता आलेला नाही. २०११ ते २०२१ या काळात तर झालगिरिसने सलग ११ वेळा बाजी मारली. ही आकडेवारी पाहून अशा लीगमध्ये रस तो काय, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. या टीकेत तथ्य आहेच. पण लीगचे मोजमाप केवळ विजेत्यांच्या यादीवरून केले, तर तिचे अर्धेच काम दिसते. २०२२ मध्ये सुमारे ९० हजार वस्तीच्या पानेवेझिसच्या लिएतकाबेलिसने उपांत्य फेरीत झालगिरिसला घरी पाठवले. त्या वर्षी आणि पुन्हा २०२४ मध्ये रितास विजेता ठरला. वर्चस्व आहे, पण ते अभेद्य नाही. शिवाय मधल्या फळीतल्या क्लबांचे काम चषक जिंकण्यापुरते नसते. १९-२० वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसांविरुद्ध रोज २० मिनिटे खेळायला मिळते ते याच संघांत. झालगिरिसच्या बाकावर बसून ती मिनिटे मिळत नाहीत.

युरोलीगमुळे लीगला बळ मिळते की ओझे वाढते?

दोन्ही. झालगिरिसने १९९९ मध्ये म्युनिकला इटलीच्या किंडर बोलोन्याला ८२-७४ असे हरवून युरोलीग जिंकली. शारूनास यासिकेविचियसच्या मार्गदर्शनाखाली २०१८ मध्ये हाच क्लब पुन्हा अंतिम चार संघांत पोहोचला आणि सीएसकेए मॉस्कोला नमवून तिसरा आला. २०१६ मध्ये युरोलीगने ज्या ११ क्लबांना दीर्घ मुदतीचा परवाना दिला, त्यांत माद्रिद, बार्सिलोना, अथेन्स, इस्तंबूल अशा महानगरांच्या रांगेत तीन लाखांचे कौनास बसले. शहरात २०११ मध्ये उभे राहिलेले सुमारे १५ हजार क्षमतेचे संकुल भरणारे प्रेक्षक हेच त्याचे भांडवल.

पण २०२५-२६ पासून युरोलीग २० संघांची झाली आणि साखळीतच ३८ सामने आले. आठवड्यात दोन युरोपीय लढती आणि मधे प्रवास. मग रविवारी छोट्या गावात खेळताना प्रशिक्षक मुख्य खेळाडूंना विश्रांती देणारच. देशी सामना दुय्यम ठरतो, तिकीट विकणे अवघड होते आणि दूरचित्रवाणी हक्कांची किंमतही त्याच हिशेबाने ठरते. भर म्हणून २०१७ पासून राष्ट्रीय संघांचे पात्रता सामने हंगामाच्या मध्यावर होऊ लागले. युरोलीग त्यासाठी थांबत नाही, त्यामुळे लिथुआनियाला अनेकदा आपल्या सर्वोत्तम खेळाडूंविना मैदानात उतरावे लागते.

एका मालकावरचे अवलंबित्व किती घातक?

याचा धडा खुद्द झालगिरिसला मिळाला आहे. २००९ मध्ये उद्योजक व्लादिमिर रोमानोव्ह क्लबचा मालक झाला. मोठी नावे आली, मोठे करार झाले. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याच्याशी निगडित उकिओ बँक कोसळली आणि क्लब कर्जाच्या खाईत सापडला. पौलियस मोटियुनास यांच्या व्यवस्थापनाने तिकीटविक्री, प्रायोजक आणि खर्चाची शिस्त यांवर भर देत तो पुन्हा उभा केला. हेच मोटियुनास पुढे युरोलीगचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. दुसरे टोक प्रिएनाय या छोट्या गावाचे. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतील लिअँजेलो आणि लामेलो बॉल हे भाऊ तिथल्या व्हिटाउटास क्लबमध्ये आले. वडिलांच्या ब्रँडच्या प्रदर्शनीय सामन्यांसाठी क्लबने बाल्टिक लीगवर पाणी सोडले. जगभर गाजावाजा झाला आणि काही महिन्यांत दोघेही निघून गेले. लामेलो २०२० मध्ये एनबीएच्या निवडीत तिसरा ठरला. गावाच्या वाट्याला त्यातून कायमस्वरूपी काही आले नाही. बाहेरून आलेला पैसा आणि प्रसिद्धी जशी येते तशीच जाते. तळाची बांधणी त्यातून होत नाही.

नवे संकट अमेरिकी महाविद्यालयांचे?

पूर्वी खेळाडू क्लबमध्ये घडायचा आणि मग एनबीएत जायचा. योनास वालानचियुनास रितासमध्ये वाढला. २०११ मध्ये टोरंटोने त्याला पाचव्या क्रमांकावर निवडले, तरी क्लबशी असलेल्या करारामुळे तो आणखी एक हंगाम लिथुआनियातच खेळला. करार मोडायचा तर क्लबला भरपाई द्यावी लागते, हे त्या व्यवस्थेचे सूत्र होते. विल्नियसमध्ये जन्मलेल्या कास्पारास याकुचोनिसची वाट मात्र वेगळी : आधी बार्सिलोनाची युवा अकादमी, मग अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठ आणि २०२५ मध्ये विसाव्या क्रमांकावर मियामी हीट. मायदेशाच्या लीगला या प्रवासात जागाच उरली नाही.

२०२१ पासून अमेरिकी महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावाचा व्यावसायिक वापर करून पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मधील न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदलाही देऊ लागली. एका विद्यापीठासाठी त्याची वार्षिक मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर, अर्थात सर्व खेळ मिळून. लिथुआनियातील मधल्या फळीचा क्लब या स्पर्धेत टिकणार कसा? जास्त पैसे, पदवी आणि एनबीएच्या निवडकर्त्यांची नजर एकाच ठिकाणी मिळत असेल, तर १९ वर्षांच्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. दोष व्यवस्थेतल्या पोकळीचा आहे. ज्या क्लबने त्याला बाराव्या वर्षापासून घडवले, त्याच्या हाती बहुतेकदा काहीच पडत नाही.

लीग विलीन करणे हा उपाय आहे का?

शेजारच्या लाटव्हिया आणि एस्टोनियाने २०१८ पासून संयुक्त लीग सुरू केली. माजी युगोस्लाव्ह देशांत एड्रियाटिक लीग २००१ पासून आहे. लिथुआनियानेही तोच मार्ग धरावा, असा सूर अधूनमधून उमटतो. त्यातच एनबीए आणि फिबा यांनी मार्च २०२५ मध्ये युरोपात नवी लीग आणण्याचा इरादा जाहीर केला. तिच्यात बहुतांश कायम संघ आणि काही जागा गुणवत्तेवर, असा आराखडा मांडण्यात आला. कायम संघ निवडताना नजर महानगरांवर आणि श्रीमंत गुंतवणूकदारांवर असणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

विलीनीकरणाने वरच्या दोन-तीन क्लबांना बरे सामने मिळतील. पण पास्वालिस, उतेना, प्रिएनाय यांसारख्या छोट्या ठिकाणांना पहिल्या श्रेणीत जागा उरणार नाही. गावातल्या मुलाला आपल्याच व्यायामशाळेत झालगिरिसविरुद्ध खेळणारा शेजारचा दादा दिसणार नाही. २९ लाखांच्या देशाला खेळाडू निवडताना एकही गाव वगळणे परवडत नाही; त्याची ताकद लोकसंख्येत कधीच नव्हती, ती या पसरलेल्या जाळ्यात होती.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, युरोपीय उत्पन्नातील ठरावीक वाटा झालगिरिस आणि रितास यांनी लीगच्या सामायिक निधीत द्यावा आणि तो निधी देशी तरुणांना मिळणाऱ्या मिनिटांनुसार वाटला जावा. हे दान नाही. पुढचा खेळाडू त्यांना याच क्लबांतून मिळणार आहे. दुसरी, अमेरिकी महाविद्यालयांकडून प्रशिक्षणाची भरपाई मिळावी यासाठी युरोपातील लहान देशांनी फिबामार्फत एकत्रितपणे आग्रह धरावा. एकट्या लिथुआनियाचा आवाज तिथे पोहोचणार नाही. तिसरी, परवाना देताना क्लबचा पैसा किती मोठा यापेक्षा तो किती स्रोतांतून येतो हे पाहिले जावे. रोमानोव्ह प्रकरणानंतर एवढी सावधगिरी तरी अपेक्षित आहे.

झालगिरिसच्या हातात सर्वांत मोठा निर्णय आहे. उद्या एखाद्या नव्या युरोपीय लीगचे दार उघडले आणि देशी लीग सोडण्याची अट आली, तर क्लब काय करेल? १९८० च्या दशकात हा क्लब देशाचा झाला, कारण त्याच्यामागे गावोगावचे लोक उभे होते. तीच गावे लीगमधून बाहेर पडली, तर कौनासचे संकुल काही वर्षे भरेलही. पण त्यात खेळायला लिथुआनियन मुले कुठून आणणार, याचे उत्तर युरोपातील कोणत्याही महागड्या परवान्यात मिळणार नाही.