न्हावा-शेवा आणि उघडी बंदरे

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये ‘नॉटपेट्या’ नामक संगणकीय विषाणू सोडण्यात आला आणि त्याचा तडाखा थेट रायगडच्या किनाऱ्याला बसला. न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाच्या ताब्यातील टर्मिनलचे संगणक ठप्प झाले. कंटेनरांची कामे हाताने करण्याची पाळी आली. ना शत्रूची नौका, ना तोफ!

संगणकालाही बंदरे असतात. इंग्रजीत दोहोंना ‘पोर्ट’ हाच शब्द आहे. नॉटपेट्या ज्या मार्गांनी फैलावला, त्यांतील एक म्हणजे ४४५ क्रमांकाचे पोर्ट. त्यासाठी वापरलेले हत्यार अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत घडलेले आणि तेथून फुटलेले होते. मायक्रोसॉफ्टने त्यावरील दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ती बसविण्याचा आळस जगभर नडला.

आपल्या दाराशी असलेला धोका मात्र निराळ्या क्रमांकांचा आहे. दूरच्या संगणकावर बसून येथील संगणक चालविण्याच्या प्रणाली ३३८९ (रिमोट डेस्कटॉप), ५९०० (व्हीएनसी), ५६३१ (जुने पीसी-एनीव्हेअर) या पोर्टांवर कान देऊन बसलेल्या असतात. पीसी-एनीव्हेअरची मूळ आज्ञावली चोरीस गेल्यावर २०१२ मध्ये खुद्द सिमँटेकनेच ग्राहकांना ती प्रणाली तूर्त बंद ठेवण्यास सांगितले. २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधील ‘ब्लूकीप’ हे भगदाड उघड झाले. पासवर्डवाचून आत शिरता येईल असे ते होते. म्हणूनच पाठबळ संपलेल्या विंडोज एक्सपीलाही मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती पुरविली.

आणि आपण? हिशेबाचे सॉफ्टवेअर अडले की पनवेलचा जाणकार घरबसल्या दुरुस्त करतो, या सोयीपायी पतसंस्थेचा संगणक रात्रंदिवस जगाला उघडा. क्रमांक बदलला की झाले, असे काहींना वाटते. पाटी बदलल्याने दार बंद होत नाही. सारी दारे ठोठावून पाहणारी यंत्रे अहोरात्र फिरत असतात.

रायगडकरांना हे निराळे सांगायला नको. १९९३ च्या स्फोटांतील आरडीएक्स मोठ्या बंदरात उतरले नव्हते. ते श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीसारख्या आडगावी उतरले, आणि पहाऱ्यावरील काही माणसे फितूर होती.

परकीय कंपन्यांना दोष देऊन भागणार नाही. संगणक शिकलेल्या कार्यकर्त्यांनी एक रविवार गावातील पतसंस्थेस, शाळेस द्यावा. राउटरमधून ३३८९ बाहेर उघडलेले असल्यास ते बंद करावे, दुरून काम करणे अटळ असेल तर व्हीपीएनमधूनच करावे, आणि जुना एक्सपीचा संगणक महाजालापासून तोडावा. चिटणीस प्रथम कुरकुरतील. पनवेलचा जाणकार तर नक्कीच.