मैत्रिणीची गाडी

"कुणी अडवलं तर एवढंच सांगायचं, मैत्रिणीची गाडी आहे. भाड्याचं नाव काढायचं नाही." किल्ली हातात ठेवताना काकांनी दिलेली ही एकमेव सूचना! टायरमध्ये हवा किती, स्टेपनी कशी आहे, जॅक कुठे आहे, यातलं अवाक्षर नाही. आणि आम्ही चौघींनी शहाण्या मुलींसारख्या माना डोलावल्या.

गोष्ट गेल्या पावसाळ्यातली. सेमिस्टर नुकतंच सुरू झालं होतं, सबमिशनचं भूत अजून मानगुटीवर बसायचं होतं, आणि होस्टेलवर टूम निघाली की माळशेजला जायचं, तेही गाडी स्वतः चालवत. एसटीने काय, सगळेच जातात! रूट मीच ठरवला. शनिवारी आमच्या घरी, म्हणजे बदलापूरला शिरगावात मुक्काम, रविवारी सकाळी बारवी धरणावरून मुरबाड, तिथून कल्याण-नगर रस्त्याने टोकावडे आणि मग घाट. रात्री परत. दोघींकडे लायसन्स होतं. नव्हती ती फक्त गाडी.

आधी सरळ मार्गाने प्रयत्न केला हे मुद्दाम नमूद करते. स्वतः चालवायला गाड्या देणाऱ्या तीन ठिकाणी फोन केले. "वय?" "वीस." "एकवीस पूर्ण झाल्यावर या." हे दोन ठिकाणी. अठराव्या वर्षी सरकार आम्हाला लायसन्स देतं, मतदानाला बोलावतं, आणि भाड्याची गाडी मात्र म्हणे अजून मोठ्या झाल्यावर. तिसऱ्या ठिकाणी वय चाललं असतं, पण भाडं ऐकून महिन्याचं मेसचं बिल डोळ्यांसमोर आलं. मग समोरच्या सोसायटीतले काका आठवले.

काकांना मी व्हिलन करणार नाही. बदलापूरच्या हजारो माणसांसारखेच ते. सोमवार ते शुक्रवार पहाटेची लोकल पकडायची, रात्री उतरायचं. हौसेने घेतलेली गाडी आठवडाभर बिल्डिंगखाली कव्हर पांघरून उभी, हप्ता मात्र चालू. म्हणून शनिवार-रविवार ते ओळखीतल्यांना गाडी देतात. दिवसाचे दोन हजार, डिपॉझिट पाच हजार, शिवाय गाडी परत येईपर्यंत माझी ऍक्टिव्हा त्यांच्या पार्किंगमध्ये. वर तीन पानांचं इंग्रजी ऍग्रीमेंट! "तू कॉन्व्हेंटची ना, तू वाच," म्हणून ते माझ्याकडे ढकललं गेलं. मी अर्धं पान वाचलं आणि सही केली. सिस्टर लोकांनी दहा वर्षं घेतलेली मेहनत अशी एका मिनिटात पाण्यात.

माळशेजचं वर्णन करत नाही. धुकं, धबधबे आणि कणीस यांवर आपल्या दर अंकात एक लेख असतोच.

येताना मुरबाड सोडलं, बारवीच्या रस्त्याला लागलो. अंधार पडत होता, पाऊस होता, आणि पाण्याने भरलेला खड्डा किती खोल हे त्यात पडल्यावरच कळतं. धाड्! डावीकडचा पुढचा टायर गेला. डिकीतून स्टेपनी काढली तर ती आधीच बसलेली. जॅक होता, त्याचा दांडा नव्हता. आमच्यातली मेकॅनिकलवाली म्हणाली, "फ्री बॉडी डायग्राम काढून देऊ शकते." तीन वर्षांत इंजिनच्या सगळ्या सायकल्स पाठ झाल्या, पण चाक कधी कुणी बदलायला लावलं नाही. शेवटी एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर आणि त्याच्या क्लीनरने चाक खोललं, आमची स्टेपनी टेम्पोत टाकून पंक्चरवाल्याकडे नेली, परत आणून बसवली. दीड तास गेला. पंक्चरचे तेवढे घेतले, स्वतःचे पैसे घ्यायला तयारच नव्हते.

मधल्या वेळात मोटारसायकलवरून एक हवालदार आले. "गाडी कुणाची?" आम्ही चौघी एका सुरात, "मैत्रिणीची!" "मैत्रीण कुठाय?" आम्ही चौघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं. त्यांनी आमच्या चिखलाने भरलेल्या अवताराकडे पाहिलं, पार्किंग लाइट चालू ठेवा आणि लवकर घरी जा म्हणाले, आणि निघून गेले. हे आम्ही अजून हसत हसत सांगतो. ते बिचारे सज्जन निघाले म्हणून हसतो.

रात्री काका टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरले आणि मागच्या बंपरवरच्या चऱ्यापाशी थांबले. तो चरा सकाळीसुद्धा होता. मला आठवतंय, पण आठवण्याला पुरावा म्हणत नाहीत. चार मोबाइलमध्ये त्या दिवसाचे शेकडो फोटो होते, सगळे आमच्या दातांचे आणि धबधब्यांचे. गाडीचा एकही नाही. टायर आणि बंपर धरून पाच हजार गेले. तक्रार करायची तर कुणाकडे? आम्ही गाडी भाड्याने घेतलीच नव्हती. मैत्रिणीची होती ना!

पैशांचं दुःख आठवड्यात संपलं असतं. पण बाबांनी काकांनी व्हॉट्सऍपवर पाठवलेली इन्शुरन्सची कॉपी उघडून मला एक ओळ वाचायला लावली. गाडीचा वापर भाड्यासाठी केला तर पॉलिसी लागू नाही, अशा अर्थाची. खासगी गाडीच्या पॉलिसीत ही अट असतेच. "त्या अंधारात खड्ड्याऐवजी माणूस असता तर?" एवढंच विचारलं त्यांनी. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मग मी जे आधी वाचायला हवं होतं ते नंतर वाचलं. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. पिवळ्या पाटीवर काळी म्हणजे टॅक्सी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने मिळणारी, गोव्याला गेलेल्यांनी ती पाहिली असेल. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने फिरवणं म्हणजे परमिटशिवाय फिरवणं. त्यासाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने दहा हजारांचा दंड आहे, कैदही होऊ शकते. आणि ती जबाबदारी गाडी देणाऱ्यावरच नाही, चालवणाऱ्यावरही आहे! गाडीच्या नुकसानीचा क्लेम कंपनी नाकारू शकते. तिसऱ्या माणसाला इजा झाली तर कंपनीने त्याला भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असे निकाल झालेले आहेत. म्हणजे दोन हजारांसाठी काकांनी राहतं घर पणाला लावलं होतं आणि त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. ज्याला लागलं तो मात्र कोर्टाच्या पायऱ्या चढत बसणार.

माझा मावसभाऊ स्टुटगार्टला नोकरीला आहे. दिवाळीत त्याला हे सांगितलं तर त्याने स्वतःचं रडगाणं काढलं. तिघांनी भाड्याची गाडी घेऊन ऑस्ट्रिया, इटली केलं. स्टिअरिंग डावीकडे, इंडिकेटरची दांडीही आपल्या उलट बाजूला, त्यामुळे दर वळणावर वायपर सुरू! पंचविशीच्या आतला म्हणून रोजचे जादा पैसे. क्रेडिट कार्डावर मोठी रक्कम अडकवून ठेवलेली. ऑस्ट्रियाच्या हायवेसाठी काचेवर चिकटवायचा टोलचा स्टिकर वेगळा. फ्लॉरेन्समध्ये जुन्या शहराच्या बंद भागात गाडी घातली, तिथे कॅमेरा होता, काही महिन्यांनी दंडाचं पत्र घरी हजर. आणि त्याचं नाव-पत्ता पोलिसांना कळवण्याचे पैसे गाडीवाल्या कंपनीने निराळे लावले! तर लुबाडणूक तिथेही आहे. पण लिहून. गाडी देताना त्याला एक कागद मिळाला होता, त्यावर गाडीचं चित्र आणि आधीच्या प्रत्येक चऱ्यावर फुली. किती युरोपर्यंतचं नुकसान त्याचं आणि त्यापुढचं विम्याचं, हेही त्यातच. भांडायचं तर हातात कागद होता. माझ्याकडेही कागद होता म्हणा, तीन पानांचा. पण तो दाखवला की आम्हीच गुन्हेगार.

"मुलींनी असल्या फंदात पडूच नये," हा उपदेश मला आतापर्यंत पुष्कळांनी केला आहे. मला तो मान्य नाही. मुलंही हेच करतात, दर लाँग वीकेंडला करतात, आणि करत राहणार. माझं म्हणणं असं की आम्हाला आणि काकांना खोटं बोलायला लावणारा नियमच आधी तपासा. गाड्या भाड्याने देण्याची केंद्राची योजना १९८९ ची. परवाना हवा तर किमान पन्नास गाड्या हव्यात, ही तिच्यातली अट. पन्नास! दुचाकींसाठी १९९७ साली योजना आली तेव्हा पाच पुरतील असं ठरलं. मग चारचाकीला पन्नास कशाला? शिरगावातल्या एक गाडीवाल्या काकांनी जायचं कुठे? त्यांना एका गाडीचं परमिट द्या, जास्तीचा हप्ता घेऊन भाड्याचा विमा द्या, काळी पाटी लावा. आमच्या वयाची भीती वाटते तर आमच्याकडूनही जास्त पैसे घ्या. आम्ही कुरकुर करू आणि देऊ. पाच हजार असेही गेलेच.

तोपर्यंत ज्यांना जायचंच आहे त्यांनी पाटीचा रंग पाहून घ्या, किल्ली घेण्याआधी गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा, स्टेपनी अंगठ्याने नाही तर गेज लावून तपासा, आणि जॅकचा दांडा बघा हो! वर्कशॉपच्या सरांनाही एक विनंती. फर्स्ट इयरला लाकडाचे जोड घासून घेता, त्यातला एक तास चाक बदलायला द्या, सगळ्या ब्रँचना.

एक कबुली राहिली. होस्टेलच्या आउटिंग फॉर्मवर 'प्रवासाचे साधन' असा रकाना आहे. त्यात आम्ही चौघींनी 'लोकल' लिहिलं होतं. बदलापूरपर्यंत लोकलनेच गेलो, त्यामुळे ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. त्या दीड तासात काही झालं असतं तर रेक्टर मॅडम आम्हाला रेल्वे लाइनवर शोधत बसल्या असत्या आणि आम्ही बारवीच्या रस्त्यावर. त्या रकान्याशेजारी गाडीचा नंबर आणि पाटीचा रंग लिहायला जागा करावी, असा अर्ज मी दिला आहे. नवीन रकाना का हवा असं मॅडमनी विचारलं होतं. अंक आल्यावर सांगते म्हटलं.